साडेसहानंतर मुलींनी जायचं कुठे?

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांचे संस्थाचालक, प्राचार्य आणि वसतिगृह समित्यांचे सदस्य यांना एका रेक्टरचं खुलं पत्र

आदरणीय महोदय आणि महोदया,

सप्रेम नमस्कार.

गेल्या डिसेंबरात आमच्या कॉलेजात ट्रॅडिशनल डे होता. सकाळी आठ वाजता मेसमध्ये पोह्यांच्या रांगेत पहिल्या मजल्यावरच्या नऊ मुली पिवळ्या साड्या नेसून उभ्या होत्या. त्याच मजल्यावरची एक मुलगी त्यांच्या मागे निळ्या पंजाबी ड्रेसमध्ये उभी होती. तिच्याकडे साडी नव्हती असं नाही. पिवळी नेसायचं ठरलंय, हेच तिला माहीत नव्हतं. ते व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ठरलं होतं आणि त्या ग्रुपवर ती नव्हती. ग्रुप जुलैपासूनचा होता. पाच महिने ती या नऊ जणींबरोबर एकाच नळावर दात घासत होती, एकाच दोरीवर कपडे वाळत घालत होती, आणि आपल्याला सोडून यांचं काही वेगळंच चाललंय हे तिला त्या रांगेत कळलं. तिनं पोहे घेतले, खाल्ले, ताटली धुऊन ठेवली आणि खोलीत गेली. त्या दिवशी कॉलेजला गेली नाही.

मी त्या नऊ जणींना बोलावून घेतलं. त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. "मॅडम, तिला मुद्दाम नाही वगळलं ओ, ॲड करायचंच राहून गेलं," असं त्या म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं. दुसरं सत्र सुरू झालं तेव्हा त्या मुलीनं वसतिगृह सोडलं. आता ती मावशीच्या गावी राहते आणि रोज एसटीनं जाऊन-येऊन करते. अर्जात तिनं कारण लिहिलं होतं, 'घरगुती अडचण'. त्या अर्जावर मंजुरीची सही माझी आहे.

मी सातारा-सांगलीकडच्या एका तालुक्याच्या गावी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. या कामात मला १९ वर्षं झाली, या काळात तीन वसतिगृहं पाहिली. सध्याच्या वसतिगृहात ६४ मुली आहेत. बहुतेक जिरायती शेतकऱ्यांच्या, काही ऊसतोड करणाऱ्यांच्या, काही मेंढरं घेऊन फिरणाऱ्या घरांतल्या. घरातून कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच, अशा निम्म्याहून जास्त.

मुलं मोबाईलच्या आहारी गेली, हे वाक्य आपण प्रत्येक पालक मेळाव्यात बोलतो. मीही बोलले आहे. ते खोटं नाही. पण तो फोन मुलीच्या हातात कायमचा राहावा अशी व्यवस्था करण्यात आपला वाटा किती, हे आपण कधी बोलत नाही. संध्याकाळी साडेसहाला फाटक लावल्यावर तिच्यापुढे फोनशिवाय आपण दुसरं काय ठेवलं, हेही बोलत नाही. त्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

आपल्याकडे वसतिगृह ही गोष्ट स्वस्तात झोपायची सोय म्हणून सुरू झाली नव्हती. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा बोर्डिंग सुरू केलं, आणि पुढं एकेका समाजाच्या मुलांसाठी तिथं बोर्डिंगं उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९२४ साली साताऱ्यात असं वसतिगृह उभं केलं जिथं सगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र राहात, एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंगतीला जेवत. १९२७ साली गांधीजी ते पाहायला आले होते. मुलांच्या पोटाला कमी पडायला लागलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं, हे आपण सगळे भाषणांत सांगतो. पण त्यांनी ते कशासाठी मोडलं? शंभर मुलांना चार भिंती मिळाव्यात एवढ्यासाठी कुणी मंगळसूत्र मोडत नाही. वेगवेगळ्या आळींतली, एकमेकांच्या घरी पाणीही न पिणारी मुलं एका ताटलीला एकत्र यावीत, यासाठी ते होतं.

पंक्तिभेद डोळ्यांना दिसत होता, म्हणून तो मोडता आला. माझ्या पहिल्या वसतिगृहात एखादी मुलगी सलग तीन दिवस कोपऱ्यात एकटी जेवताना दिसली की मला कळायचं, काहीतरी बिनसलंय. मी ताट घेऊन तिच्याशेजारी बसायची. आता सगळ्याच खाली मान घालून जेवतात. कोण कुणाशी बोलते आहे, कुणाला बाहेर ठेवलं आहे, हे मेसमध्ये उभं राहून मला कळत नाही. त्या नऊ जणींच्या ग्रुपचं मला पाच महिने कळलं नाही. आणि ग्रुप कसे जमतात हे बारकाईनं पाहिलं तर मन खट्टू होतं. एका गावच्या, एका भावकीतल्या, सारख्या ऐपतीच्या मुली एकत्र जमतात. बाकीच्या 'ॲड करायच्या राहून जातात'. भाऊरावांनी मोडलेली वेगळी पंगत आमच्या मेसमध्ये अशी पुन्हा बसते आहे आणि तिचा आवाजसुद्धा होत नाही.

या मुली अशा का वागतात, याचा विचार करताना मी त्यांच्या वयाचा हिशोब मांडला. आज दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं तेव्हा पाचवीत होती. घरात पहिला स्मार्टफोन आला तो त्याच सुमाराला. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. २०२०-२१ हे तिचं नववीचं वर्ष. जून २०२० मध्ये टिकटॉक बंद झालं आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणली. म्हणजे ज्या वयात मधल्या सुट्टीत भांडायचं, दोन दिवस कट्टी घ्यायची, तिसऱ्या दिवशी डबा पुढं करून बट्टी करायची, हे सगळं शिकायचं असतं, ते वय या मुलींनी बापाच्या फोनसमोर बसून काढलं. तो फोन आपणच त्यांना अभ्यासासाठी घ्यायला सांगितला होता. काही बापांनी त्यासाठी शेरडं विकली.

म्हणून पुढची गोष्ट मला समजू शकते. मागच्या वर्षी एका खोलीतल्या दोन मुली अकरा दिवस एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत. भांडण होतं बादलीवरून. पण भांडण चालू होतं पूर्ण वेळ, व्हॉट्सॲपवर. दोघींच्या खाटांमध्ये चार फुटांचं अंतर. खोलीतली तिसरी मुलगी दोघींचे मेसेज वाचून रडकुंडीला आली आणि माझ्याकडे आली. मी दोघींना समोरासमोर बसवलं तेव्हा त्या बोलूच शकेनात. त्यांना राग होता, पण तो तोंडानं कसा काढायचा हे येत नव्हतं. एकीनं मला विचारलं, "मॅडम, मी लिहून सांगू का?"

'प्रथम' या संस्थेच्या 'असर' नावाच्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाच्या ८२ टक्क्यांहून जास्त मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येत होता. आधीच्या आठवड्यात ५७ टक्क्यांनी तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. हे आकडे सगळे सांगतात. त्याच अहवालातला आणखी एक आकडा कुणी फारसा सांगत नाही. ज्यांना फोन वापरता येतो त्या मुलांपैकी ३६ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींमध्ये मात्र २७ टक्क्यांकडेच. माझ्याकडे येणाऱ्या मुलीला स्वतःचा फोन बहुधा पहिल्यांदा मिळतो तो वसतिगृहात यायचं ठरल्यावर. तिच्या दृष्टीनं ती फार मोठी गोष्ट असते. त्यावर तिची शिष्यवृत्ती येते, महाडीबीटी या सरकारी पोर्टलचा ओटीपी येतो, आईचा रोज रात्रीचा फोन येतो. रात्री एसटी स्टँडवर उतरल्यावर तोच तिचा आधार असतो. "फोनवर दिसलीस तर शिक्षण बंद," अशी धमकी ऐकून आलेल्या मुली माझ्याकडे आहेत. त्यामुळे फोन काढून घ्या असं मी कधीच म्हणणार नाही. मुलीच्या हातातून काहीही काढून घेण्याची आपल्याकडे सवय जुनी आहे, तिच्यात मला भर घालायची नाही.

आता आपल्या वाट्याकडे येते. आधी माझ्याच.

२०२१ पर्यंत आमच्याकडे रात्री आठला व्हरांड्यात हजेरी व्हायची. मी वही घेऊन बसायची, मुली पायऱ्यांवर बसायच्या. नाव पुकारलं की "हजर" म्हणायचं. सगळ्यांची नावं घ्यायला दहा मिनिटं पुरत, पण हजेरी संपायला पाऊण तास लागायचा, कारण कुणाला तरी काही सांगायचं असायचं. कोविडनंतर गर्दी नको म्हणून मी हजेरी ग्रुपवर घ्यायला लागले. आठ वाजता खोलीतला फोटो टाकायचा. सोपं होतं, वेळ वाचत होता, फोटो म्हणजे पुरावाही होता. कोविड गेला, पण मी तो फोटो तीन वर्षं चालू ठेवला. ६४ मुलींनी रोज एकदा एकमेकींची तोंडं बघण्याची ती एकच वेळ होती, आणि ती मी माझ्या सोयीसाठी बंद केली होती. हे माझ्या लक्षात यायला एका मुलीला वसतिगृह सोडावं लागलं.

आता आपला वाटा. माझ्या मुलींना कॉलेजची प्रत्येक सूचना व्हॉट्सॲपवर येते. तास रद्द झाला, ग्रुपवर. प्रॅक्टिकलची बॅच बदलली, ग्रुपवर. असाइनमेंट गूगल फॉर्मवर. परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख रात्री पावणेअकराला ग्रुपवर येते आणि मुदत दुसऱ्या दिवशी बारापर्यंत असते. एक मुलगी विषयवार, वर्गवार, समितीवार मिळून कॉलेजच्या १४ ग्रुपांवर आहे, मी तिच्यासमोर बसून मोजले. तिनं फोन बाजूला ठेवला तर तिचं नुकसान होतं. आणि सूचना बघायला फोन उघडला की तिथं फक्त सूचना नसते. ज्यांनी ही ॲपं बनवली त्यांना माणूस आत आला की बाहेर पडू नये असं करणं येतं. खाली सरकवत राहिलं तरी तळ न लागणारं पान त्यांनी बनवलं, लाल ठिपके त्यांनी बनवले. १९ वर्षांच्या मुलीनं त्या ठिपक्यांसमोर संयम दाखवावा ही अपेक्षा आपण करतो, आणि प्रवेशद्वाराजवळच्या काचेच्या सूचना फलकावर गेल्या गॅदरिंगचा कागद तसाच असतो.

आणखी एक गोष्ट तुमच्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचा वृक्षारोपणाचा कार्यक्रम असो की ग्रंथप्रदर्शन, पहिली धडपड नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फाइलसाठी ठिकाणाची नोंद असलेला जिओ-टॅग फोटो मिळवायची असते. सर सांगतात, "सगळ्या इकडे बघा." रोप लावणारी मुलगी फोनकडे बघते. फोटो झाला की कार्यक्रम झाला. मुली हे बघतात आणि शिकतात की केलेलं काम म्हणजे काढलेला फोटो. नंतर त्या तसंच जगायला लागल्या की आपण हळहळतो.

सेवा योजना १९६९ साली सुरू झाली ती याच्या अगदी उलट विचारानं. आजही तिचं सात दिवसांचं निवासी शिबिर ही माझ्या माहितीतली सगळ्यात चांगली गोष्ट आहे. दोन वर्षांपूर्वी मी मुलींबरोबर पठारावरच्या एका गावी शिबिराला गेले होते. मराठी शाळेच्या वर्गात सतरंज्या अंथरून झोपायचो. रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर मिळायची. पहिले दोन दिवस मुली त्या जिन्यावर रांग लावून होत्या. तिसऱ्या दिवशी भात करपला आणि त्यावरून मोठं भांडण झालं, आवाज चढवून, रडून, गावातल्या बायका जमा होईपर्यंत. मला त्या भांडणाचा किती आनंद झाला हे सांगता येणार नाही. रात्री त्याच मुली एका गोधडीखाली कुजबुजत होत्या आणि मला झोपू देत नव्हत्या. चौथ्या दिवसापासून जिन्यावर फक्त घरी फोन करणाऱ्या दिसायच्या. त्यांचे फोन कुणी काढून घेतले नव्हते. त्यांच्यासमोर करायला काम होतं, खोदायला बंधारा होता आणि शेजारी माणूस होतं.

आता साडेसहाचं बोलते. मुलांच्या वसतिगृहाचं फाटक रात्री दहापर्यंत उघडं असतं, आणि त्यानंतर भिंतीवरून उडी मारणाऱ्यालाही कुणी फार बोलत नाही. मुलांना टपरी आहे, मैदान आहे, कट्टा आहे, तालीम आहे. मुलींचं फाटक साडेसहाला बंद होतं. थंडीच्या दिवसांत प्रॅक्टिकल पाच-सव्वापाचला संपलं तर मुलीला तासभर मिळतो, त्यात साबण आणायचा असतो आणि झेरॉक्स काढायची असते. साडेसहा ते साडेदहा चार तास तिनं दहा बाय बाराच्या खोलीत तीन खाटांवर काढायचे. कॉलेजचं मैदान भिंतीला लागून आहे. संध्याकाळी सहानंतर तिथं मुलींनी जायचं नाही, कारण दिवे नाहीत. ग्रंथालय साडेपाचला बंद होतं, कारण ग्रंथपालाची जागा रिकामी आहे आणि शिपाई एकच आहे. शारीरिक शिक्षणाच्या संचालकांची जागाही रिकामी आहे, म्हणून रॅकेटा कपाटात आहेत. शिक्षक बहुतेक तासिका तत्त्वावरचे, ते तास संपला की गाडीला किक मारून दुसऱ्या कॉलेजला पळतात, कारण त्याशिवाय त्यांचं घर चालत नाही. मुलीनं थांबून बोलावं असं त्या इमारतीत तास संपल्यावर कुणी उरत नाही.

या भिंतीतून बाहेर जाणारी तिच्याकडे एकच वाट आहे आणि ती तिच्या तळहातावर आहे. तिनं ती घेतली तर मी तिला दोष कसा देऊ?

काही वर्षांपूर्वी मी ज्या वसतिगृहात होते तिथल्या समितीनं ठराव केला. रात्री नऊला सगळे फोन रेक्टरच्या कपाटात, सकाळी सहाला परत. किल्ली माझ्याकडे. पहिल्या आठवड्यात मुलींनी जमा करायला घरचे बंद पडलेले फोन आणले आणि चालू फोन उशीखाली ठेवले. ज्या प्रामाणिक होत्या त्यांनीच खरे फोन दिले. त्यातल्या एकीच्या वडिलांना एका रात्री साडेअकराला छातीत कळ आली. घरच्यांनी तिला नऊ वेळा फोन केला. माझा नंबर त्यांच्याकडे नव्हता. तो फोन माझ्या डोक्याशी असलेल्या लोखंडी कपाटात लुकलुकत होता आणि सायलेंटवर असल्यामुळे मला कळलं नाही. वडील वाचले. मुलगी मात्र वर्षभर माझ्याशी नजर मिळवून बोलली नाही आणि त्यात तिची चूक नव्हती. ठराव कुणी रद्द केला नाही, तो आपोआप विरला. जॅमर बसवायचे, लॉकर करायचे असे प्रस्ताव आजही समित्यांपुढे येतात. माझी हात जोडून विनंती आहे, ते करू नका. त्यातून खोटं बोलणं तेवढं शिकवलं जातं.

तुम्ही म्हणाल, मग वडगावचं काय? कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव आमच्यापासून लांब नाही. १५ ऑगस्ट २०२२ पासून त्या गावानं संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला सुरुवात केली. साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाईल बंद. वर्तमानपत्रांत त्याचं खूप कौतुक झालं आणि पुष्कळांनी त्यातून 'बंदी' एवढाच शब्द उचलला. मला त्यात वेगळीच गोष्ट दिसते. ते ग्रामसभेत ठरलं. भोंगा पोरांसाठी वाजला तसा आईबापांसाठीही वाजला. आशाताई, अंगणवाडीताई, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. म्हणजे दीड तास फोन बंद करायला सांगताना गावानं त्या दीड तासात आपली माणसं उभी केली. आपण मुलींकडून फोन मागतो तेव्हा त्या जागी काय देतो?

आमच्याकडे या जूनपासून काय केलं ते सांगते. यश मिळालं असा माझा दावा नाही. व्हरांड्यातली हजेरी परत सुरू केली. कार्यालयातल्या जुन्या लँडलाइनची दुरुस्ती करून घेतली आणि तो नंबर ६४ घरांना कळवला, रात्री कधीही करा, मी किंवा रखवालदार उचलू, असं सांगून. मग मुलींची बैठक घेतली. जेवणाच्या वेळी फोन खोलीत ठेवायचा का, हे त्यांनी ठरवायचं. मी मत दिलं नाही. दोन तास वाद झाला आणि ठरलं, महिनाभर करून बघू, पण मॅडमनी आणि मेसच्या मावशींनीही ठेवायचा. मावशींनी कुरकुर केली, कारण भाकऱ्या भाजताना त्या कीर्तन लावतात.

पहिला आठवडा फार वाईट गेला. मुली नऊ-दहा मिनिटांत जेवून उठायच्या. फोन नसताना शेजारणीशी काय बोलायचं हे कुणाला सुचत नव्हतं. फोनसकटच्या शांततेपेक्षा ती शांतता जास्त टोचायची. मला वाटलं, आपण चुकलो. दुसऱ्या आठवड्यात मावशींच्या हाताला भाजलं. ६४ मुलींच्या भाकऱ्या कोण करणार? आटपाडीकडची एक मुलगी, वर्गात कधी तोंड न उघडणारी, पदर खोचून परातीपुढे बसली आणि सटासटा ज्वारीच्या भाकऱ्या थापायला लागली. चार जणी तिच्याकडून शिकायला बसल्या. त्यांच्या भाकऱ्या फाटत होत्या, चुलीत पीठ पडत होतं. त्या रात्री जेवणं दहा वाजेपर्यंत चालली. मावशींचा हात बरा झाला तरी गुरुवारी भाकऱ्या मुलीच करतात.

दिवाळीच्या सुट्टीनंतर निम्म्या मुली पुन्हा फोन घेऊन जेवायला यायला लागल्या. मी काही बोलले नाही. बाकीच्या निम्म्या अजून ठेवून येतात. ज्या बादलीवरून भांडल्या होत्या त्या दोघी आता कधी कधी मोठ्यानं भांडतात.

काही मुलींची गोष्ट याच्या पलीकडची असते, हेही मी जाणते. पहाटे चारपर्यंत पडदा बघणारी, अंघोळ सोडलेली, फोन हातातून घेतला तर अंगाला कापरं भरणारी अशी मुलगी मी पाहिली आहे. तिथं भाकरी आणि हजेरी पुरत नाही, तिथं डॉक्टर लागतो. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत यासाठी २०१४ पासून वेगळं क्लिनिक आहे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालते आणि तिथं मराठीत बोलता येतं. हा नंबर मी प्रत्येक खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. बाहेरच्या बाजूला नाही, कारण तो बघताना कुणी आपल्याला बघू नये असं मुलींना वाटतं. तुमच्या वसतिगृहांत एवढं तरी उद्याच करता येईल.

तुमच्याकडे माझं मागणं असं आहे. संध्याकाळी सातनंतर कोणत्याही कॉलेजची कोणतीही सूचना मुलांच्या फोनवर जाऊ नये, आणि प्रत्येक महत्त्वाची सूचना फलकावर लागल्याशिवाय ती दिली गेली असं मानू नये. फलक पाहायला मुलं जमतात, तिथं घोळका होतो, घोळक्यात ओळखी होतात. वसतिगृहाची हजेरी ॲपवर, अंगठ्यावर किंवा फोटोवर घेऊ नका. माणसानं माणसाचं नाव पुकारू द्या. फोनबद्दल काही ठरवायचं असेल तर मुलींच्या बैठकीत ठरवा आणि जे ठरेल ते आपणही पाळा, समितीच्या बैठकीतसुद्धा. रिकाम्या जागा भरणं एकट्या संस्थेच्या हातात नाही हे मला कळतं, पण त्यासाठी शासनाकडे जाणाऱ्या तुमच्या पत्रात एक ओळ अशी असू द्या की ग्रंथपाल आणि क्रीडाशिक्षक नसल्यामुळे मुलं एकटी पडली आहेत. आजवर मी वाचलेल्या अशा पत्रांत फक्त वर्कलोडचे तक्ते असतात.

माझ्या संस्थेच्या वसतिगृह समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. विषयपत्रिका मला मिळाली. त्यात दोन विषय आहेत, व्हरांड्यात आणखी सहा सीसीटीव्ही आणि खोल्यांमध्ये वाय-फाय. तिसरा विषय मी पाठवते आहे. वसतिगृहाच्या भिंतीला लागून जे मैदान आहे त्याला चार दिवे लावावेत, भिंतीत एक छोटं फाटक बसवावं आणि रात्री साडेआठपर्यंत मुलींना तिथं जाऊ द्यावं. रखवालदार तयार आहे, मी रोज तिथं बसेन. वायरमनकडून खर्चाचा अंदाज घेतला आहे, तो सहा कॅमेऱ्यांपेक्षा कमी आहे. कागद सोबत जोडला आहे. रॅकेटांच्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, तेवढं कृपया कळवावं.

आपली विश्वासू,
एका मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर